साळव्यांचं एकच काम

शिफ्ट सुरू होण्याआधी किसन साळवे सगळ्यांचे हात बघायचे. आमच्या प्रेस शॉपमध्ये अकरा प्रेस होते आणि प्रत्येकावर एक माणूस. साळवे एका टोकापासून निघायचे, प्रत्येकासमोर थांबायचे आणि म्हणायचे, "दाखव." समोरचा दोन्ही पंजे उघडून धरायचा. साळवे नीट बघायचे, मान हलवायचे आणि पुढच्याकडे जायचे. कुणाच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली की त्याची कसून चौकशी व्हायची. शिफ्ट सुटताना पुन्हा तेच.

भोसरीच्या त्या कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्या सकाळी ते माझ्याही पुढ्यात येऊन उभे राहिले. "दाखवा, सायेब." मला राग आला. मी डिप्लोमा झालेला, वय चोवीस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. आणि हा साधा सेटर मला हात दाखवायला सांगतोय. तरी हात आपोआप पुढे गेले. "दहा हायेत," ते म्हणाले. "आणलेत तसे घरी न्यायचे." तेव्हा मला त्यांचा उजवा हात दिसला. अंगठा होता, करंगळी होती आणि मधली तीन बोटं मुळापासून नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं किंवा तिसरं वर्ष असेल. आमची कंपनी लहान होती, पन्नास-साठ माणसांची. मोठ्या कंपन्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही ठोकून द्यायचो. प्रेसमध्ये साचे बसवून देणं हे साळव्यांचं काम. अंगानं किरकोळ माणूस, खाकी कपडे झिजलेले पण रोज धुतलेले. नवीन साचा बसवला की ते प्रेसच्या अंगावर डावा तळवा ठेवून उभे राहायचे, जनावराला ताप आहे का बघतात तसे. "मशीन बोलतंय," म्हणायचे, "आपण ऐकत न्हाई, ही आपली चूक."

शिफ्ट सुटली की आम्ही सायकलींवर बरोबर निघायचो. नाशिक फाट्याला मी दापोडीकडे वळायचो, ते पिंपरीवरून थेरगावला जायचे. गेटच्या आत ते मला 'सायेब' आणि 'तुम्ही' म्हणत. गेटच्या बाहेर मी 'जाधव' आणि 'तू'. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते, मलाही तेच बरं वाटायचं.

एकदा असंच जाताना त्यांनी विचारलं, "तुला करायचंय काय, जाधव?"

"पर्मनंट व्हायचंय."

"मग?"

"मग सिनियर सुपरवायझर."

"मग?"

पुढे मला सांगता येईना.  साळवे म्हणाले, "तू जिना चढायलायस. वर माडी हाय का न्हाई, ते बगितलं न्हाईस."

मला ते लागलं. मी फटकन म्हणालो, "आणि तुमची माडी कुठे आहे, किसनराव?"

त्यांनी सायकल थांबवली. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते असं. ते मराठवाड्यातून पिंपरीला आले आणि एका कारखान्यात प्रेसवर लागले. पायानं पेडल दाबलं की प्रेसचा वरचा जड ठोकळा खाली येतो, पत्र्याला आकार देतो आणि वर जाऊन थांबतो. ठोकळा धरणारी-सोडणारी आतली चावी झिजली की तो थांबत नाही. न दाबताच पुन्हा खाली येतो. कामगार याला 'डबल मारणं' म्हणत. साळव्यांच्या प्रेसनं डबल मारलं तेव्हा त्यांचा हात आत होता.

"गावाकडं गेलो. वर्षभर दारात बसून होतो," ते म्हणाले. "भाऊ जेवायला घालायचा. हात गेल्याचं दुःख न्हाई वाटलं तेवढं. सकाळी उठायचं कशाला, तेच कळंना. मग कळलं, त्याच प्रेसवर दुसऱ्याचा पंजा गेला. मनगटापासून." मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "माझी बोटं जायच्या दोन दिस आधी मला आवाज ऐकू आला होता. नवा होतो, काढून टाकतील म्हणून बोललो न्हाई. नंतर बी कुणाला सांगितलं न्हाई. त्या माणसाचा पंजा माझ्या गप बसण्यानं गेला."

त्यानंतर ते परत आले, आणि मागून घेऊन प्रेस शॉपमध्येच लागले. गावचे लोक म्हणत, ज्या विहिरीत पडला तिथंच पाणी भरायला गेला. "लोक ध्येय-बिय म्हणतात, मला ते ठाऊक न्हाई," साळवे म्हणाले. "मला एकच काम हाय. ऐकू आलं की बोलायचं."

माझ्या प्रोबेशनचे शेवटचे आठ दिवस राहिले होते. त्या दिवशी एका मोठ्या कंपनीची गाडी चार वाजता माल न्यायला येणार होती. माल चार नंबरच्या प्रेसवर चालला होता. त्यावर रंगनाथ बसला होता, दिघीचा, तीन लेकरांचा बाप. दुपारचा दीड वाजला असेल. मी त्याच्या मागेच उभा होतो. ठोकळा वर गेला, थांबला, आणि थांबल्यानंतर आत काहीतरी घसरल्यासारखं खरखरलं. एकदाच. रंगनाथला ते कळलं नाही. मला कळलं. मी घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्या प्रेसकडे गेलो.

मी शेजारच्या प्रेसपाशी असतानाच दहा मिनिटांनी साळवे चार नंबरवर आले. तळवा टेकवला आणि स्विच बंद केला. "डबल मारायच्या बेतात हाय, सायेब. चावी गेली. उघडावा लागंल."

उघडायचं म्हणजे चार तास. मी वर्क्स मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं. "साळवेला प्रत्येक आवाजात भूत दिसतं," ते म्हणाले. "जाधव, तुमचं पर्मनंटचं पत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर आहे. सही तेवढी राहिलीय. जा, मशीन चालू करा."

मी खाली आलो. "रंगनाथ, बस."

साळवे मध्ये उभे राहिले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही सांगायलात?"

"हो. मी सांगतोय."

त्यांनी रंगनाथच्या हातात लांब चिमटा दिला. "कायबी झालं तरी हात आत घालायचा न्हाई. माल चिमट्यानंच काढायचा."

रंगनाथनं माझ्याकडे बघितलं. "सायब, बसू ना आमी?"

"बस."

प्रेस सुरू झाला. मी ठोके मोजत होतो. पाच. सहा. काही होत नव्हतं आणि मला साळव्यांचा राग येऊ लागला होता. अकरा. बारा. तेराव्या ठोक्यानंतर रंगनाथनं पाय उचलला, तयार भाग काढायला चिमटा आत घातला आणि ठोकळा पुन्हा खाली आला. चिमट्याचं तोंड पापडासारखं चपटं झालं. मागचा दांडा तुटून त्याच्या कानाजवळून भिंतीवर आदळला. रंगनाथ स्टुलावर तसाच बसून राहिला, आपला तळहात उलटसुलट करून बघत. एकेक करून बाकीचे दहा प्रेसही थांबले. 

साळवे बोर्डापाशी गेले, चार नंबरचे फ्यूज काढले, शर्टाच्या खिशात घातले आणि खिशाचं बटण लावलं. "ह्यो प्रेस आता मी सांगंन तवा चालंल," ते म्हणाले.

तासाभरात ते सस्पेंड झाले. जाणूनबुजून काम बंद पाडलं आणि कंपनीच्या मालमत्तेला हात लावला, असा आरोप. रंगनाथला ऑफिसात बोलावलं, हजेरीचा कागद आहे असं सांगून त्याचा अंगठा घेतला. कागदावर लिहिलेलं होतं की चिमटा त्याच्या निष्काळजीपणानं तुटला. माझ्यासमोर ठेवलेल्या कागदावर एकच वाक्य होतं : घटनेच्या वेळी मी जागेवर नव्हतो. मी सही केली. पर्मनंटचं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं.

चौकशी तीन आठवड्यांनी होती. तोवर साळवे रोज सकाळी गेटबाहेर येऊन उभे राहायचे. त्यांना आत यायला बंदी होती, रस्त्यावर उभं राहायला नव्हती. आत जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर थांबून पंजे दाखवायचा. वॉचमन तोंड फिरवून घ्यायचा. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घालून आत जायचो. ते मला हाक मारत नसत, बघतही नसत.

चौकशीची खोली लहान होती. एक वकील चौकशी अधिकारी म्हणून बसलेले, बाजूला वर्क्स मॅनेजर. आमच्याकडे युनियन नव्हती, म्हणून साळवे स्वतःच आपली बाजू मांडत होते. तुम्हाला कुणाला प्रश्न विचारायचे आहेत, असं वकिलांनी विचारलं. साळवे म्हणाले, "जाधव सायबांना."

मी खुर्चीत बसलो. माझा सही केलेला कागद समोरच होता. साळवे उभे राहिले, तुटका हात त्यांनी पाठीमागे धरला होता.

"सायेब, चार नंबरनं चिमटा खाल्ला तवा तुम्ही कुठं होता?"

डोक्यावर पंखा कुरकुरत होता. मॅनेजर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मला माझी आई आठवली. साताऱ्याकडच्या आमच्या गल्लीत तिनं पर्मनंटचे पेढे वाटले होते. मग रंगनाथ दिसला, तळहात उलटसुलट करणारा. मी म्हणालो, "प्रेससमोर. दोन हातांवर."

"चालू करायला कुणी सांगितलं?"

"मी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

टोपणाचा आवाज थांबला. "वर्क्स मॅनेजर साहेबांनी," मी म्हणालो.

"माझं झालं," साळवे म्हणाले आणि खाली बसले.

त्यांना समज देऊन कामावर परत घेतलं. चार नंबर उघडला तेव्हा आतली चावी चोखलेल्या खडीसाखरेसारखी झिजलेली निघाली. माझी बदली चाकणच्या गोडाऊनवर झाली. तिथे मी, एक वॉचमन आणि भंगार. दिवसभर कुणी यायचं नाही.

एका गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, मी थेरगावला साळव्यांच्या खोलीवर गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली घडी घातलेलं अंथरूण. त्यांच्या बायकोनं, सखूबाईंनी, चहा ठेवला. मी भारावलेलो होतो. म्हणालो, "किसनराव, मला आता कळलं. मीही हेच काम करणार. कारखान्या-कारखान्यांतून प्रेस तपासत फिरणार."

ते हसले नाहीत. "माझं नको घेऊ," म्हणाले. "ते मला माझ्या चुकीतनं मिळालंय, तुझ्या अंगाला बसायचं न्हाई. तू तुझ्या चुकीत बग. तिथंच कुठंतरी पडलेलं असतंय."

त्या उत्तरानं मी नाराज होऊन परतलो. चाकणच्या गोडाऊनमध्ये मला भरपूर वेळ होता. त्या चौकशीतलं मला काय टोचत होतं, ते शोधत राहिलो. प्रेस नव्हता तो. कागद होता. मी वाचून सही केली होती; रंगनाथनं न वाचता अंगठा दिला होता, कारण त्याला वाचताच येत नव्हतं. पुढच्या गुरुवारी मी दिघीला गेलो आणि त्याच्या ओसरीवर बसून त्याला म्हणालो, "इथून पुढं कंपनीनं कुठलाही कागद दिला तर आधी मला दाखव. आणि अक्षरं शिकायची असतील तर आत्ताच बसू."

"या वयात व्हय?" रंगनाथ म्हणाला, पण पाटी त्यानंच आणली.

पहिल्या महिन्यात तो एकटाच होता. वर्षभरात त्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसू लागली. कुणी नोटीस घेऊन यायचं, कुणी कराराचा कागद. मी वाचून अर्थ सांगायचो आणि मग आम्ही अक्षरं गिरवायचो. पुढे नोकरी बदलली, लग्न झालं, पण माझा गुरुवार दिघीलाच गेला.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात साळवे आजारी पडले. छाती भरली होती, दोन वाक्यांनंतर धाप लागायची. मी दर दोन-चार दिवसांनी जायचो. शेवटच्या भेटीत सखूबाई पाणी भरायला बाहेर गेल्या होत्या. इतकी वर्षं जे बोललो नव्हतो, ते मी तेव्हा बोललो.

"किसनराव, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी चार नंबरचा आवाज मला तुमच्या आधी ऐकू आला होता. तरी मी गप्प बसलो. आणि नंतर रंगनाथला बसवलं."

ते उशीला टेकून डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोप लागली असेल.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी प्रेसवर हात ठेवला, तवाच तुझं तोंड बगितलं होतं."

त्यांनी दम घेतला.

"रंगनाथ आला होता माझ्याकडं, चौकशीच्या आदल्या दिशी. मी खरं सांगतो म्हणाला. त्याच्या साक्षीनं बी माझं भागलं असतं. मीच नको म्हणालो त्याला."

"का?"

"त्यानं कुठं ऐकलं होतं?" साळवे म्हणाले. "ऐकलं होतंस तू."