चावी चौकीत, गाव कोरडं

आमच्या गावात नळाचं पाणी मी सोडतो. सोळा वर्सं झाली, पर पंचायतीच्या एकाबी कागदावर माझं नाव न्हाई. सरकारनं खर्च कमी करायचं ठरीवलं, तवा वरून निरोप आला, ज्याच्याजवळ कागुद न्हाई त्याला पयलं काढा. म्हंजे मला.

युनियनचे अण्णा म्हणले, "तीन दिस पाणी बंद ठेवा आन् बिदरला धरण्याला या." मी वॉल बंद केला. दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून वॉलची चावीबी संगं घेतली. चावी म्हंजे माझ्या छातीइतका उंच लोखंडी दांडा. जीपमधी माझ्या शेजारी कुणी बसंना.

धरण्यात घोषणा कन्नडमधून. मला कन्नड बोलायला येतंय, वरडायला येत न्हाई. म्हणून मी निस्ता दांडा वर करायलतो. तिसऱ्यांदा केला तवा पोलीस आला.

"हे काय रे?"

"चावी हाय, साहेब."

"कुठल्या कुलपाची?"

मी समजावून सांगायलतो, तवर दांडा चौकीत गेला.

चौथ्या दिशी संप मिटला. वरचे साहेब "बघू" म्हणले. बाकी गावांत पाणी आलं. आमचा वॉल खोल खड्ड्यात, कुणाचा पान्हा पुरंना.

चौकीवाले म्हणले, "तू वॉटरमन हायस, असं पंचायतीचं पत्र आण."

सोळा वर्सं मागितलं तरी पत्र मिळालं नव्हतं. आता पंचायतीच्या दारात बाया घागरी घेऊन बसल्याल्या. पंचायतीच्या साहेबानं दहा मिनिटांत पत्रावर शिक्का मारला. मला वाचता येत न्हाई, म्हणून जीपमधी एका मास्तरकडून वाचून घेतलं. तीनदा.

"काका, तेच हाय की," मास्तर म्हणला. "हा माणूस सोळा वर्सं पंचायतीचा वॉटरमन हाय."

चौकीत जमादार म्हणला, "पत्र इथं ठेव, दांडा घेऊन जा."

झेरॉक्स काढावी, एवढी अक्कल मला नव्हती. मी पत्र खिशात घातलं आन् दांडा तिथंच सोडून माघारी आलो.

गावात सांगितलं, "जमादार रजेवर हाय."

"कवा येनार त्यो?" बायकोनं इचारलं.

"काय की."

तिनं शेतातल्या बोअरवरून दोन घागरी आणल्याल्या. त्यातला पयला गिलास मला दिला. म्हणली, "घ्या, दमून आलाव."

मी पिलो. लई तहान लागल्ती, आनखी एक मागितला.