आजीसाठी धरलेला उपास

मुलांची शिबिरं घेणारी बाई म्हणजे फार प्रेमळ, असं लोकांना उगाचच वाटतं. मी तापट आहे. चर्चच्या मुलांचं पाच दिवसांचं निवासी शिबिर बारा वर्षं मी चालवते, तेही भर मे महिन्यात, आमच्या या शहरात, जिथं नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. टँकर, ओआरएसची पाकिटं, गेलेली लाईट, हरवलेल्या चपला, तासातासाला फोन करणाऱ्या आया, या सगळ्यांना मी पुरून उरते. त्या वर्षी मला हरवलं एका पाहुण्या वक्त्यानं. आणि त्याला बोलावलं होतं मीच.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते, हे मुलांशी छान बोलतात. या वक्त्याला सगळे ब्रदर म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये साठेक मुलं बसलेली. आधी टाळ्यांचं गाणं झालं, गंमत झाली. मग त्यांनी बायबल मिटलं आणि विचारलं, "तुमच्या घरात येशूला न मानणारं कोण आहे? हात वर करा."

पाच-सहा हात वर झाले. त्यातला एक शहरातल्याच मुकुंदवाडीहून आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा. तिचे आईबाबा आमच्या चर्चमध्ये येतात, पण आजी जवळच बिडकीन गावाला राहते आणि तिच्या देवघरात खंडोबा आहे. शिबिर संपलं की पोरगी उरलेली सुट्टी आजीकडंच काढायची. ब्रदरांनी तिला उभं केलं. "आजी आवडते ना? मग ती कायमची आगीत जळलेली चालेल तुला?" पोरीनं मान हलवून नाही म्हटलं. त्यावर त्यांनी एका मुलाची गोष्ट सांगितली. त्यानं म्हणे तीन दिवस उपास-प्रार्थना केली आणि त्याच्या सगळ्या घराचं तारण झालं, सगळे येशूला मानायला लागले.

मी पहिल्याच रांगेत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी काय केलं? घड्याळ बघितलं. पाहुणा माणूस, पाळकसाहेबांच्या ओळखीचा, भर सभेत कसं थांबवायचं, म्हणून मूग गिळून बसले. नंतर चहाच्या वेळी मी ब्रदरांना म्हणाले, "मुलं लहान आहेत, जरा बेतानं घ्या." ते हसले. "बाई, देवाचं वचन साखर लावून द्यायचं नसतं." मी कप विसळायला घेऊन गेले.

त्या दुपारपासून ती पोरगी जेवली नाही, आणि हे मला कळलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. रांगेत ताट घ्यायची, शेजारणीला पोळी द्यायची, ताट घासायला ठेवून यायची. नुसत्या पाण्यावर होती. खो-खो खेळताना खांबापाशी बसली ती उठेचना. डॉक्टर आले, म्हणाले, अशक्तपणा आहे, आधी काहीतरी खायला द्या. लिंबूपाणी प्यायली, पण घास काही घेईना. दात घट्ट आवळून बसली. "आजीचं तारण झालं की जेवीन." मला रडू फुटलं, ते रागानं. देव असा नसतो गं, असं परोपरीनं सांगितलं. ती म्हणाली, "ब्रदरांनी सांगितलंय." माझ्या शब्दाला तिच्या लेखी काही किंमतच उरली नव्हती.

घरच्यांना फोन केले. आईबाबा कंपनीत दुसऱ्या पाळीला. काकाच्या मोटारसायकलवर आजीच आधी पोचली, हातात धपाट्यांचा डबा. फरशीवर फतकल मारली, नातीला मांडीवर ओढलं. "काय झालं गं माय?" पोरीनं सगळं सांगितलं. आजीनं पूर्ण ऐकून घेतलं, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि नातीला म्हणाली, "मंग काय म्हणायचं असतंय, सांग."

पोरगी येशूला स्वीकारायच्या प्रार्थनेची एकेक ओळ सांगत गेली. आजी डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून, तिच्यामागं म्हणत गेली. शेवटी आमेनसुद्धा म्हणाली. "झालं? आता आ कर."

पोरीनं तोंड उघडलं.

मागं वळून बघते तर ब्रदर मोबाईल धरून उभे. "बाई, केवढी मोठी साक्ष आहे ही, सगळ्या चर्चला दाखवण्यासारखी." मी मोबाईलवर पंजाच ठेवला. "लेकरानं जेवावं म्हणून म्हणाली ती. फोटो पुसा. माझ्यासमोर पुसा." पाळकसाहेब सबुरीनं घ्या म्हणायला लागले, त्यांनाही सुनावलं. हे ब्रदर आत्ता जातील, नाहीतर मी जाते, मग साठ मुलं तुम्ही सांभाळा. फोटो पुसला गेला. ब्रदर त्याच संध्याकाळी गेले. पुढं कमिटीत माझ्यावर पाहुण्याच्या अपमानाचा ठपका आला. तो मला मान्य नाही. माझा गुन्हा वेगळाच होता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आजी मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, लेकरू हाय ओ ते." दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बॅग घेऊन निघताना पोरगी माझ्यापाशी आली. "बाई, आजी आता नाही ना जळणार?"

"तुझी आजी कधीच जळणार नव्हती," मी म्हणाले. "ब्रदर चुकीचं बोलले."

तिनं जरा विचार केला. "तुम्ही तर तिथंच बसला होता. मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

काकानं गाडी चालू केली. आजीनं त्याला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.