कोपरा फाटलेलं कार्ड

आकाराम जिथं असायचा तिथं त्याचं मन कधी नसायचं. एकतीस साली तो कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून उठून कराचीला गेला आणि बंदरावर हमालांचा मुकादम झाला. तिथं चार मराठी माणसं जमली की हा सुरू. "हितलं मटण म्हंजे नुसता चोथा. रस्सा खावा तर आमच्या कोल्हापुरात. हितल्या पाण्याला चव न्हाई, माणसाला मोकळं बोलता येत न्हाई." ऐकणारे डोळे पुसायचे. हाच माणूस दर दोन वर्षांनी महिन्याच्या रजेवर घरी आला की तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या दारात बसून नाक मुरडायचा. कराचीत संध्याकाळी समुद्राचा वारा कसा सुटतो, इराण्याकडचा चहा कसा असतो, उंटगाड्या कशा ओळीनं चालतात. म्हशीचं धारोष्ण दूध हातात असायचं आणि तोंडात इराण्याचा चहा.

घरी थोरला भाऊ हंबीरराव, त्याची बायको बयाबाई, त्यांची पोरगी आणि आकारामची बायको बाळाबाई. दुधाचा धंदा, आठ म्हशी. मूल आकारामला नव्हतं. महिनाभराच्या नवऱ्याला ते कुठून होणार? "बायकोला का आणत नाहीस?" असं कराचीत कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "ती म्हशी सोडून येत न्हाई." खरं म्हणजे त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं. सोळा वर्षांत एकदाही नाही.

मग सत्तेचाळीस साल आलं आणि एका देशाचे दोन झाले. कराचीतली मराठी मंडळी मिळेल त्या बोटीनं मुंबईला पळाली. आकाराम राहिला. पगार होता, खोली होती आणि शेजारच्या सिंधी म्हातारीनं "बेटा, तू नको जाऊस" म्हटलं होतं. पुढं ती म्हातारीच बोटीत बसून गेली. मनिऑर्डरी बंद झाल्या, सरहद्द ओलांडायला परमिटं सुरू झाली. एकोणपन्नास साली त्याला उपरती झाली की आता कायमचं घरी जावं. परमिटाच्या कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं, तुझ्या घरच्यांचं पत्र आण, हा आमचा माणूस आहे असं लिहिलेलं. बायकोचं असलं तर उत्तम.

त्यानं लगेच पोस्टातच उभं राहून कार्ड लिहिलं. परमिट मिळतंय, पत्र पाठवा, मी येतोय. कार्ड टाकणार तेवढ्यात कारकुनाच्या खोलीचा नंबर लिहून घ्यायला कागद हवा होता. खिशात चिटोरं नव्हतं. त्यानं कार्डाचा कोरा कोपरा टरकन फाडला, त्यावर नंबर लिहिला आणि कार्ड पेटीत टाकलं.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. आकारामलाही ठाऊक होतं. पण अठरा वर्षं परमुलखात काढली की अशा गोष्टी अंगावरून उतरून जातात, आणि उतरल्याचं कळतही नाही.

मंगळवार पेठेत पोस्टमन दारात आला तो खाली बघतच. "हंबीरराव, कराचीचं हाय. वाचू का?"

हंबीररावला अक्षर येत नव्हतं, पण कोपरा दिसत होता. "काय वाचायचं ऱ्हायलंय आता? तितं आपलं दुसरं कोण हाय?" असलं कार्ड घरात घेत नाहीत. त्यानं ते उंबऱ्याबाहेरच फाडलं आणि मोठ्यांदा हंबरडा फोडला. खोटं नव्हतं ते. भावावर त्याचा जीव होता.

पंचगंगेच्या घाटावर बाळाबाईच्या बांगड्या दगडानं फोडल्या. एक काच मनगटात रुतली, तिचा वण राहिला. दर्भाचा पुतळा करून जाळला, दहाव्याला पिंड ठेवला. पिंडाला कावळा पहिल्या फटक्यात शिवला, तेव्हा कुणाच्या मनात शंका उरली नाही. त्यानंतर बाळाबाई सकाळी कुणाच्या आडवी जात नसे. पुतणीच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत ती गोठ्यात उभी होती. हळदीकुंकवाला बायका दारावरून पुढं जात. वय होतं चौतीस.

तिकडं आकारामनं महिनाभर उत्तराची वाट पाहिली आणि मग त्याचा तोरा चढला. "मी नको झालोय त्यांना. ठीक हाय!" दुसरं कार्ड म्हणून त्यानं टाकलं नाही. पुढं पासपोर्ट आले, तेव्हा बंदरावरची नोकरी टिकवायला त्यानं तिथल्या सरकारचा घेतला. आणि रोज संध्याकाळी त्याच समुद्राच्या वाऱ्यात बसून तो कोल्हापूरसाठी उसासे टाकू लागला.

शेवटी चोपन्न साली तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन तो आला. टांगा गल्लीत शिरला तशा बायका किंचाळून आत पळाल्या. बाळाबाई धार काढत होती. तिनं वर पाहिलं, चरवी पायाशी घट्ट धरली आणि धार पुरी केली. मगच उठली.

हंबीररावनं मिठी मारली, रडला. पण दिवस घातलेला माणूस घरात घ्यायचा कसा? भटजींनी तोड काढली: पुन्हा बारसं करायचं, पुन्हा आपल्याच बायकोशी लग्न लावायचं, मग तिला कुंकू. तोवर बयाबाईनं त्याचं ताट गोठ्यात मांडलं.

"कसलं खूळ हे!" आकाराम हसला. "कराचीत असलं कोण करत न्हाई. मी जित्ता हाय, दिसतोय, झालं की. पन्नाशीला आल्यावर बाशिंग बांधू व्हय?"

बाळाबाईनं ताटात भाकरी वाढली. "त्या कार्डाचा कोपरा कुणी फाडलाता?" तिनं विचारलं. साडेचार वर्षं तिला वाटत होतं, कुणा परक्यानं मयत लिहून कळवलं असेल.

"मीच की! नंबर लिवायला कागूद न्हवता." त्याला ते सांगताना गंमतच वाटत होती. "आणि तुमी येड्यांनी वाचलंबी न्हाई! वर पत्राला उत्तर न्हाई म्हणून मीच रुसून बसलो. बरं, चटणीत मीठ जास्त पडलंय. कराचीला आमच्या खानावळीत..."

बाळाबाईनं वण असलेलं मनगट पदराखाली घेतलं. त्या क्षणी तिच्या मनात जे आलं त्याला राग म्हणणं फार कमी आहे. माणूस मेला होता तोवर निदान तिला त्याचं दुःख तरी होतं.

आकारामला आता इथंच कायमचं राहायचं होतं आणि त्यासाठी कचेरीत बायकोचा जबाब हवा होता. व्हिसा संपायला आठ दिवस असताना दोघं भाऊ आणि बाळाबाई अशी तिघं गेली. आकारामनं नवा फेटा बांधला होता, वाटेत तो इथल्या धुळीला नावं ठेवत होता.

कारकुनानं विचारलं, "बाई, हे तुमचे मालक का?"

"माजं मालक मेलं," बाळाबाई म्हणाली. "एकुणपन्नासला. सगळ्या पेठेला ठावं हाय. बाराव्याला गाव जेवलंय."

"बाळे! अगं मी हाय की!" आकाराम ओरडला. "दादा, सांग की ह्यास्नी!"

हंबीररावनं बाळाबाईकडं पाहिलं. सगळी वर्षं ती त्याच्या गोठ्यात राबली होती आणि एका शब्दानं कधी कुरकुरली नव्हती. तो जमिनीकडं बघत पुटपुटला, "ती म्हणती तसंच." भावाचं तोंड बघायचं धाडस त्याला झालं नाही.

कारकुनानं लिहून घेतलं, तिचा अंगठा उठवला. आकारामला त्यानं पोलीस चौकीत परत जायची तारीख लावून घ्यायला सांगितलं. मुदत संपली की गाडीत बसायचं.

पायऱ्यांवर त्यानं तिला गाठलं. फेटा सुटला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यापुढं हात जोडून उभा होता. "बाळे, असं का केलंस गं? मी तिकडं तुझ्या आठवणीनं मरत हुतो."

"मग जावा की तिकडंच," ती म्हणाली. "हितं आलासा की तुमास्नी कराची आठवती. तितं गेलासा की मी आठवीन. त्येवडंच तुमास्नी जमतंय."

संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती. बाळाबाईनं अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली आणि दिराच्या मागोमाग झपाझपा घराकडं चालू लागली.