चढता काटा

माझ्या साडूने अकोल्यात नवी गाडी घेतली, तेव्हा मी फोनवर "वा, वा, अभिनंदन" म्हणालो आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. माझी लहान गाडी बारा वर्षांची, तीही सेकंडहँड. क्लच जड, सायलेन्सर खडखडतो, आणि रेडिएटरला कुठेतरी बारीक गळती आहे, ती मिस्त्रीला तीनदा दाखवूनही सापडली नव्हती. मिस्त्रीने एवढंच बजावलं होतं, "टेंपरेचरचा काटा चढला का एसी बंद करा आन् हीटर लावा, इंजिनची गरमी निंगून जाते. तरी नाही उतरला तं गाडी थांबवा."

नव्या गाडीची पूजा सासऱ्यांच्या हातून होणार होती. बायको आणि सासूबाई आदल्या दिवशीच रेल्वेने पुढे गेल्या. सासऱ्यांना अमरावतीहून घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. हे मला जास्त झोंबलं. मी गाडी घेतली तेव्हा पूजेचा विषय काढला, तर ते म्हणाले होते, "सेकंडची पूजा पयल्या मालकानं केली असन." आणि आता साडूच्या गाडीसाठी नारळ आणि चार लिंबं पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून, माझ्याच गाडीत बसले होते.

सासरे बडनेऱ्याचे. उभा जन्म रेल्वे इंजिन चालवण्यात गेलेला. मी मुद्दाम एसी फुल केला.

"कसं वाटते, मामाजी? जुनी आहे, पण एसी कडक आहे."

"हो, थंड हाय," ते म्हणाले.

तेवढ्यावरच मी खूश झालो. मूर्तिजापूर गेलं आणि काटा अर्ध्याच्या वर सरकला. हात एसीच्या बटणाकडे गेला आणि परत आला. मे महिन्यात सासऱ्यांना हीटरसमोर बसवायचं? अकोल्यात पोचल्यावर ते घामाघूम उतरणार आणि साडू दारातच हसणार. मला ते हसू आत्ताच दिसत होतं. मी गाणी लावली, शेतीपाण्याच्या गप्पा काढल्या. सासरे हूं हूं करत राहिले.

बोरगावच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली, इंजिन दोनदा हिसकलं आणि बंद पडलं.

साडूला फोन करावाच लागला. तो अर्ध्या तासात आला. हसला नाही, उलट थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन आला होता. त्याचा मला आणखीच राग आला. त्याने दोरी बांधली आणि सासऱ्यांसाठी नव्या गाडीचं दार उघडलं.

"पूजा व्हाची हाय अजून," सासरे म्हणाले. "मी जवाईबापूंसंगं बसतो."

ते माझ्या शेजारी येऊन बसले, त्या भट्टीत. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. दोरी ताणली गेली. बंद इंजिनाची गाडी, ब्रेक दगडासारखा झालेला, तो मी दोन्ही पायांनी दाबत होतो. खिडक्या उघड्या, दोघेही घामाने निथळत होतो.

सासरे म्हणाले, "काटा मी मूर्तिजापूरपासून पाहून रायलो होतो."

"मग बोलला का नाही, मामाजी?"

"चालवणाऱ्याच्या मधात बोलाव नाही. आन् त्यात तुमी जवाई. मले वाटलं, तुमाले दिसलंच नसन का? आता थांबन, मंग थांबन."

"दिसलं होतं," मी म्हणालो.

"मंग?"

मी दोरीकडे बघत ब्रेक दाबला. त्यांनी पुढच्या चकचकीत गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं नाही.