हात लावल्याशिवाय ओके नाही

“नानी गेली,” असा सनाचा मेसेज आला आणि मी उलट ओके पाठवलं. शमशाद गेली, आणि तिच्या नातीला मी ओके लिहिलं. फोनवर मला तेवढंच लिहिता येतं, अंगठा आपोआप गेला... चुकलं ते लगेच कळलं, पण पुसायचं कसं ते ठाऊक नव्हतं.

माझं शिक्षण चौथी. चाकणच्या एका वर्कशॉपात शमशाद आणि मी एकाच टेबलावर गाड्यांचे बुश तपासायचो. बुश म्हणजे लोखंडी नळीचा बोटभर तुकडा. आतून बोट फिरवायचं, धार लागली नाही तर वर पिवळ्या रंगाने ओके लिहायचं. ती दोन इंग्रजी अक्षरं तिनेच मला शिकवली. “सुमे, हे ओके न्हाई, नुसतं अंडं हाय. बाजूला काठी मार की!” दुपारी पत्रा तापायचा, तेलाच्या वासाने गुंगी यायची आणि ट्रेमधली पिवळी अक्षरं पाण्यावर सोडल्यासारखी हलायची... अजून डोळे मिटले की माझं बोट गोल फिरतं आणि समोर ती असते. गोड वगैरे नव्हती ती. एकदा सुट्टीच्या घाईत मी अख्खा ट्रे न तपासताच ओके केला. तिने थिनरच्या फडक्याने सगळे पुसून काढले. “हात लावला न्हाईस तर लिहू नको.” आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. त्या ट्रेमध्ये दोन बुश धारेचे निघाले, तेही सांगायला हवं.

काम सुटल्यावर आम्ही काळेवाडीला तिच्या गॅलरीत बसायचो. सनाने एकदा वाचून दाखवलं, की ओके हा शब्द म्हणे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी थट्टेत काढला. आणखीही चार-पाच कहाण्या होत्या. शमशाद म्हणाली, “त्यांची थट्टा झाली, आपली बोटं सोलली.” हल्ली माझा मुलगा फोन ठेवायच्या घाईत ओके म्हणतो, डॉक्टर न ऐकताच म्हणतो. आमच्या टेबलावर तो शब्द एवढा स्वस्त नव्हता.

तिसऱ्या दिवशी काळेवाडीला गेले. सना दारातच म्हणाली, “आजी, मला लई राग आला होता तुमचा.”

“यायलाच पाहिजे,” मी म्हटलं. तिचा हात हातात घेतला, गार होता. ती रडली. ऊन गॅलरीतून सरकत भिंतीवर गेलं, तोवर मी तो सोडला नाही...

आता सना अधूनमधून लिहिते, “आजी, मी बरी आहे.” मी उलट काही लिहीत नाही. काळेवाडीची बस पकडते.