भिंत न विचारता विकलेली ड्रिल

काउंटरवर तीन कॉर्डलेस ड्रिल मांडल्या होत्या. वंदना मॅडम एकेक उचलून बघत होत्या. तिसरी उचलताना त्यांचं मनगट थोडं खाली गेलं. ते मी बघितलं आणि तिथेच माझा निर्णय झाला.

जिंतूरला माझं पॉवर टूल्सचं दुकान आहे. विक्री करतो, रिपेअरिंगही करतो. गिऱ्हाईक बहुतेक मिस्त्री, सुतार, फॅब्रिकेशनवाले. हल्ली घरगुती गिऱ्हाईकही येतं. छोट्या कामाला मिस्त्री मिळत नाही. चार भोकं पाडायला कुणी येत नाही, आलाच तर उद्या येतो म्हणून जातो. आणि लाईटचा भरवसा नाही, म्हणून लोकांना बॅटरीवरची मशीन हवी असते.

मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मिस्टर सोनपेठला नोकरीला, शनिवारी घरी येतात. घरी मॅडम आणि त्यांचे वडील. वडील येलदरीच्या धरणावर नोकरी करून रिटायर झालेले. सहा-आठ महिन्यांपूर्वी त्यांना लकव्याचा हलका झटका आला होता. चालत होते, पण डावा पाय ओढत.

"काय काय काम आहे मॅडम?" मी विचारलं.

"पडद्याचे रॉड लावायचेत. एक फळी. आणि मुख्य म्हणजे बाथरूममध्ये हँडल. बाबांना धरून उठायला."

"मिस्टर येतील तेव्हा नाही का लावता येणार?"

"त्यांना शनिवारी झोप लावता आली तरी खूप झालं," मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "बाबा दोन आठवड्यांपासून नीट आंघोळ करत नाहीत, भाऊ. मी धरते म्हटलं तर दार लावून घेतात. लेकीनं न्हाणीत धरायचं हे त्यांना सहन होत नाही. हँडल असलं की एकटे जाईन म्हणालेत."

म्हणजे ते हँडल कशासाठी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःला बऱ्याच सवलती दिल्या.

आता थोडं मशीनबद्दल. कॉर्डलेस ड्रिल निवडताना लोक व्होल्ट विचारतात. बारा व्होल्टची मशीन हलकी, अठराची जड आणि ताकदवान. पण त्याहून मोठा फरक हॅमरचा असतो. साधी ड्रिल बिट नुसती गोल फिरवते. लाकूड, पत्रा, प्लायवुड यांना तेवढं पुरतं. हॅमरवाली मशीन बिट फिरवता फिरवता मागून ठोकत असते. वीट आणि काँक्रीटला ते ठोकणं लागतं. आणि काळ्या दगडाला कॉर्डलेस हॅमरही कमी पडतो. तिथे रोटरी हॅमर नावाची वेगळी मोठी मशीन वापरतात. म्हणून गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी विचारायचं असतं की भिंत कशाची आहे.

मी ते विचारलं नाही. आमच्याकडे एक पद्धत आहे. काउंटरवर सागाचा ठोकळा ठेवलेला असतो. गिऱ्हाइकाच्या हातात मशीन द्यायची, ठोकळ्यात एक भोक पाडायला लावायचं. भोक सरळ पडलं की त्याला आनंद होतो आणि मशीन विकली जाते. लाकडात कुठलीही मशीन चांगलीच चालते, हे दुकानदाराला माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं.

"ही घ्या," मी बारा व्होल्टची बिनहॅमरची ड्रिल पुढे केली. "लेडीजला हीच बरी पडते. हलकी आहे, हात दुखणार नाही."

मॅडमनी ठोकळ्यात भोक पाडलं. सरळ पडलं. त्या खूश झाल्या. मी मशीन त्यांचा हात बघून दिली होती.

तीन-चार दिवसांनी दुपारी फोन आला. काउंटरवर दोन मिस्त्री उभे होते, एकाला कटिंग व्हील पाहिजे होतं.

"भाऊ, पडद्याचे रॉड लाकडी चौकटीत बसले. पण बाथरूममध्ये भोक जाईचना. टाइल गेली, प्लास्टर गेलं, पुढे नुसता धूर निघतोय."

"किती आत गेलं?"

"एक इंचभर."

"शेठ, आमाला उशीर व्हायलाय," मिस्त्री म्हणाला.

"मॅडम, गट्टी कापून लावा," मी फोनवर म्हणालो. "इंचभर पुरती. स्क्रू पण छोटा घ्या. बसतंय, काही होत नाही."

गट्टी म्हणजे भोकात ठोकायचा प्लास्टिकचा तुकडा. स्क्रू आत गेला की ती फुगते आणि भिंतीला धरून बसते. भोक उथळ असेल तर गट्टी मागून कापायची, ही आमच्याकडची सर्रास चालणारी युक्ती. घड्याळ, फोटो, कॅलेंडर यांना चालते. माणसाच्या वजनाला चालत नाही, कारण कापलेली गट्टी प्लास्टरमध्येच राहते, भिंतीपर्यंत पोचत नाही. प्लास्टर हाताने ओढलं तर निघत नाही. सत्तर किलोच्या माणसाने लोंबकळत उठायचा प्रयत्न केला की पापुद्र्यासारखं सुटतं.

फोनवर बोलताना ते हँडल आहे हे मी विसरलो होतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर बाथरूम हा शब्द त्यांनी उच्चारला होता. मला एवढंच हवं होतं की फोन बंद व्हावा.

पुढच्या आठवड्यात मॅडम दुकानात आल्या. ड्रिल पिशवीत होती.

"भाऊ, यापेक्षा मोठी मशीन दाखवा."

"का, काय झालं?"

"हँडल निघून आलं. बाबा पडले."

माझ्या हातात कुणाचीतरी ग्राइंडर खोललेली होती. ती मी खाली ठेवली.

"लागलं का?"

"हाड मोडलं नाही. डोक्याला खोक पडली, तीन टाके आहेत. पाठ काळीनिळी झालीये." मग त्या म्हणाल्या, "माझ्याच हाताला जमलं नाही. मोठ्या मशीननं पुन्हा करून बघते."

आरोप केला असता तर मी बचाव केला असता. बचाव मला चांगला जमतो. पण त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं आणि मी त्यांना घेऊ दिलं. म्हणालो, "मशीन नका घेऊ. मी येतो आणि स्वतः बसवून देतो."

रविवारी रोटरी हॅमर घेऊन गेलो. घर जुन्या वस्तीत. बाथरूम नंतर काढलेलं, पण त्याची एक भिंत मूळ घराची होती, काळ्या दगडाची. वरून प्लास्टर, त्यावर पांढऱ्या टाइल्स. हँडल होतं तिथे टाइल फुटून प्लास्टरचा तळहाताएवढा खड्डा पडला होता. खड्ड्यात दगड दिसत होता. त्या दगडावर बिट फिरल्याच्या फक्त दोन चकचकीत खुणा होत्या. त्या मशीनने मॅडम दिवसभर जोर लावत बसल्या असत्या तरी याहून जास्त काही झालं नसतं.

लाईट गेलेली होती. रोटरी हॅमर वायरची. थांबणं आलं. मॅडम चहा करायला आत गेल्या आणि मी ओसरीत बाबांच्या बाजेजवळ बसलो. कपाळाला पट्टी होती.

"बसा शेठ," ते म्हणाले. "लाईट येईस्तोवर तुमी बी रिकामे, मी बी रिकामा."

"बरं वाटतंय का आता?"

"बरं काय वाटायचं? शाळंत पोरांना शिकवायलीय अन् घरी बापाला पाडायलीय." ते स्वतःच्या बोलण्यावर हसले, पण आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता. "मी म्हनलं हिला, मिस्त्री बोलव. न्हाई, म्हने मीच करते. मशीन आनली लय भारी. नुसती भुंग्यावानी आवाज करती. जावई आला तवा त्याला बी सांगितलं, तुमच्या बायकोच्या हाताला काय धरबंद न्हाई."

आत कपात चमचा फिरत होता, तो थांबला.

बोलायची वेळ तीच होती. "बाबा, हाताचा दोष नाही, माझा आहे," एवढंच म्हणायचं होतं. मॅडम चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायलो.

लाईट आली. दगडात चार भोकं पाडली, प्रत्येक भोक चार इंच खोल. स्टीलचे अँकर बसवले. हे भोकाच्या तळाशी उमलतात आणि दगडातच अडकतात. नवीन हँडल लावलं. मग दोन्ही पाय उचलून मी त्याला लोंबकळलो. हललं नाही.

"या बाबा, धरून बघा."

ते मॅडमच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत आले. हँडलकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"तुमी लटकले म्हनून मी धरू का? तुमचे पाय धड हायत."

"एकदा हात तर लावा."

त्यांनी उजवा हात उचलला. मध्येच तो थांबला आणि परत लेकीच्या खांद्यावर गेला.

"न्हाई. हात जाईना तिकडं," ते हळू म्हणाले. यात चेष्टा नव्हती.

निघताना मॅडम फाटकापर्यंत आल्या. तिथे मी त्यांना सांगितलं. मशीन चुकीची दिली, गट्टी कापायलाही मीच सांगितलं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "फोन मीच केला होता ना."

"मग त्यांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला आज घरात घेतलं नसतं. आणि आता सांगू पण नका भाऊ. हे हँडल तुम्ही बसवलंय. आधीची चूक तुमची होती हे कळलं तर याला कधीच हात लावणार नाहीत. माझ्यावर रागावले तरी माझा खांदा धरतात. चालतंय."

मला ते सोयीचं होतं. मान डोलावून निघालो.

नंतर मॅडम स्क्रू, खिळे न्यायला दुकानात यायच्या तेव्हा मी विचारायचो. "बाबा धरतात का?" त्या म्हणायच्या, "अजून नाही." पुढे त्यांनी सांगितलं की बाबा आता बाजेवरच ओल्या फडक्यानं अंग पुसून घेतात. मिस्टर येतात त्या शनिवारी आंघोळ होते. शेवटी मी विचारणं बंद केलं. हँडलवर टॉवेल वाळत घालतात, हेही त्यांनीच एकदा सहज सांगितलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गप्प राहण्याचं जे कारण मॅडमनी दिलं होतं, ते संपलंय. हँडल वाचवायला मी गप्प होतो आणि हँडल तर गेलेलंच होतं. आता गप्प राहून वाचत होतो तो फक्त मी.

एका दुपारी दुकान बंद करून गेलो. मॅडम शाळेत होत्या, हे बघूनच गेलो. बाबा ओसरीत बाजेवर पडलेले. उठून बसायला त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला.

मी सगळं सांगितलं. भिंत विचारली नाही, हलकी मशीन दिली, फोनवर गट्टी कापायला सांगितलं. तुमच्या मुलीने मी सांगितलं तसंच केलं. त्या मशीनने कुणाच्याही हातून तेच झालं असतं.

शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. बाबा रागावले नाहीत. पट्टी केव्हाच निघाली होती, कपाळावर टाक्यांची रेघ होती. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"मंग तिला बोललो ते?" ते म्हणाले.

त्यांचं बोट त्या रेघेवरच थांबलं.

"जावयासमोर बोललो मी. शेजारच्यांना सांगितलं. रोज बोललो. ती एका सबदानं बोलली न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते आता कसं काढू, शेठ?"

ते फाटकाकडे बघत होते. शाळा सुटायला अजून अवकाश होता. मला तिथे बसवेना, मी उठून आलो. बापलेकीत नंतर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मॅडम दुकानात येतात, पूर्वीसारखंच बोलतात. हँडल बाबा अजूनही धरत नाहीत.

दुकानातला सागाचा ठोकळा मी काढून टाकला. त्या जागी एक काळा दगड आणि दोन विटा ठेवल्यात. गिऱ्हाइकाने त्यात भोक पाडून बघायचं. विक्री कमी झाली, कारण दगडात मशीन अडते आणि माणूस नाराज होऊन जातो. फोनवर कुणी "आत जाईना" म्हणालं, तर मी एवढंच सांगतो की काम थांबवा, मी बघायला येतो. दरवेळी जायला जमतंच असं नाही. मग ते काम तसंच पडून राहतं. पडून राहिलेल्या कामाने अजून तरी कुणी पडलेलं नाही.