कल्हई उडालेलं पातेलं

माझ्या सुनेचं दूध बाधून तिची मुलगी गेली, असं काशीतल्या आमच्या दूधविनायकच्या गल्लीत आजही बोललं जातं. ते खोटं आहे. ते मी सुरू केलं, म्हणून मीच खोडणार. घरातल्यांना राग येईल. येऊ दे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होतो. नात पाच महिन्यांची, सारखी किरकिरायची. सून बाळंतपणापासून तांब्याच्या कळशीतलं गंगाजल प्यायची, तेही आमच्याच आग्रहाने. मी निकाल दिला, "पाण्यातलं तांबं दुधात उतरतंय. अंगावरचं बंद करा."

मग गाईचं दूध आलं. आमच्या सोवळ्याला स्टील चालत नसे. दूध देवघरातल्या तांब्याच्या पातेल्यात तापायचं आणि दिवसभर त्यातच राहायचं.

"बाबा, याची कल्हई उडालीय. आतून लाल दिसतंय," सून म्हणाली.

"केमिस्ट्री तू शिकवतेस की मी?"

बायको पदराआड हसली. सुनेने पातेलं गॅसवर ठेवलं.

दीड वर्षाची होईतो पोरीचं पोट फुगलं, यकृत दगडासारखं झालं. डॉक्टरांनी विचारलं, "दूध किस बर्तन में रखते हैं?" ते हे का विचारतात, ते मला त्याच क्षणी कळलं: कल्हई उडालेल्या भांड्याचं तांबं दुधात उतरतं आणि यकृतात साठतं. मी म्हणालो, "स्टील में." सून माझ्याकडे बघत राहिली. महिन्याभरात पोर गेली. बायकांनी आईच्या दुधाला दोष दिला, मी देऊ दिला. पातेल्याला मात्र गुपचूप कल्हई करून आणली.

पुढे लायब्ररीत बसून वाचलं. स्तनातल्या पेशी रक्तातलं तांबं आत घेतात आणि त्यातलं अगदी थोडं, बाळाला लागेल तेवढंच, दुधात सोडतात. सुरुवातीच्या आठवड्यांत जरा जास्त, मग कमी होत जातं. आई तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायली म्हणून ते वाढत नाही. तिचं शरीर मोजून देत होतं. मी ते बंद करून पोरीला पातेलं पाजलं. हे कळूनही मी गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात पुतण्याची सून बाळंत झाली. बारशाच्या पंक्तीत पुतण्याची बायको म्हणाली, "तिला तांब्याचं पाणी नको गं. आपल्याकडे एकदा दूध बाधलंय."

माझी सून तेव्हा भात वाढत होती.

"दूध नाही बाधलं," मी मोठ्याने म्हणालो. "पातेलं बाधलं. आणि मी बाधलो."

पुतण्या म्हणाला, "काका, आता हे कशाला? जेवा की."

"जेवीन. आधी ऐका."

सगळं सांगितलं, डॉक्टरांना स्टील म्हणालो तेही.

"तीस वर्षं लावलीत, बाबा," सून म्हणाली, आणि माझं ताट सोडून पुढच्या ताटात भात वाढला.

बरोबर केलं तिने.